विणलेलं बॉनेट

सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या सोसायटीतल्या बाराही गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली होती, आणि खाली पांढऱ्या मारुतीसमोर उषा हाताची घडी घालून उभी होती. मधुकर खैरनार गाडीचं उघडं दार धरून होता. दार लावलं तर आवाज होईल, आणि आवाज झाला की कुणाला तरी बोलावंसं वाटेल, या भीतीने तो ते लावत नव्हता. बॉनेटच्या मधोमध, पंगतीत भात वाढायच्या परातीएवढा खळगा पडला होता. दुपारचं ऊन त्यात उतरून स्थिर झालं होतं आणि खरं सांगायचं तर फार देखणं दिसत होतं. पण ही गोष्ट बोलून दाखवण्याजोगी नाही, एवढं व्यवहारज्ञान मधुकरला एकोणीस वर्षांच्या संसारानंतर आलं होतं.

"कापड मार्केटखाली उभी करू नका, वरून पार्सलं टाकतात," असं उषाने सकाळी सांगितलं होतं. त्याने तिथेच उभी केली, कारण सावली तिथेच होती. दुसऱ्या मजल्यावरच्या हमालाने साड्यांचं पार्सल रोजच्यासारखं, आधी हाक देऊन, खाली सोडलं. मधुकरने हाक ऐकली आणि वर पाहिलं. तो महापालिकेच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवत असे. पडत्या वस्तूचा वेग क्षणाक्षणाला कसा वाढत जातो, हे आठवीच्या वर्गाला तो वीस वर्षं खडूने काढून दाखवत आला होता. प्रत्यक्ष पाहायला मिळालं ते आजच. पाहण्यात तो इतका गुंतला, की गाडी हलवायचं राहून गेलं.

"सर, गरम पाणी ओता," पहिल्या मजल्यावरून मालतीबाईंनी शांततेचा भंग केला. "पत्रा आपसूक वर येतो. आमच्या ह्यांच्या डब्याचा आला होता."

उषा वळली आणि जिना चढून गेली.

गाडी मधुकरची असती तर एवढ्या गॅलऱ्या भरल्या नसत्या. ती उषाच्या थोरल्या भावाची, भाईदासची होती. शहाद्याजवळच्या खेड्यातून सुरतेला आलेला भाईदास दुसऱ्याच्या मागावर बारा-बारा तास उभा राहिला, मग त्याने स्वतःचे दोन माग घेतले, दोनाचे चोवीस झाले, आणि पंचवीस वर्षांनी ही मारुती आली. त्या साली, म्हणजे सत्याण्णवच्या होळीनंतर, गावी घर बांधायला काढलं म्हणून तो तिकडे गेला. सिमेंटच्या धुळीत गाडी नको, म्हणून किल्ली मधुकरच्या हातात ठेवून म्हणाला होता, "मास्तर, चालती ठेवा. आखाजीला येतो. उषाला याच गाडीतनं माहेरी नेतो."

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भावाने बहिणीला न्यायला यावं, ही रीत. भाईदास दरवर्षी एस.टी.ने येई आणि एस.टी.ने तिला नेई. या वर्षी प्रथमच ती गाडीतून उतरणार होती, आणि ते माहेरच्या अख्ख्या गल्लीला आधीच कळवलेलं होतं.

मधुकरचं दुःख याहून खोल होतं. लग्नात सायकल भाईदासने दिली. पंखा त्याने दिला. या घराच्या चौकटीसुद्धा त्याच्याच ओळखीने आल्या. मधुकरने त्या घराला आजवर काय दिलं असेल, तर सल्ला. आणि तोही सासरच्या मंडळींनी 'मास्तर बोलतात छान' एवढं म्हणून बाजूला ठेवला. आता खळगा ठोकून सरळ करून गाडी परत द्यायची म्हणजे मोडलेलं जोडून दिल्यासारखं. त्यापेक्षा असं काही द्यावं, की भाईदासने हात लावून मान डोलवावी. एकदाच. तेवढ्यावर उरलेला जन्म निघाला असता.

गल्लीच्या तोंडाशी डेंटिंगचं काम करणारा निंबा, भाईदासच्याच गावचा, दुसऱ्या दिवशी येऊन बॉनेटवर टिचकी मारून गेला. "सर, दोन दिननं काम शे. ठोकी देस, पुट्टी भरी देस, रंग मारी देस. कोनले पत्ता लागाव नही."

"निंबा, प्रश्न पत्ता लागण्याचा नाही," मधुकर म्हणाला. "प्रश्न धातूच्या आत्मसन्मानाचा आहे. एकदा वाकलेला पत्रा पुन्हा पूर्वीचा होत नाही."

निंबाने उषाकडे पाहिलं. उषाने आभाळाकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात मधुकरने एका विज्ञान मासिकात कार्बन फायबरविषयी वाचलं होतं. पोलादाहून बळकट, पिसासारखं हलकं, गंज नाही, आणि शर्यतीच्या गाड्यांची बॉनेटं त्याचीच. पांडेसऱ्याच्या हवेत दोन वर्षांत पत्र्याला फोड येतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. त्याच पांडेसऱ्यात ललितभाई रंगाच्या मिलांसाठी फायबर ग्लासच्या टाक्या बनवत. त्यांच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, कुठल्याशा मोठ्या कामातून उरलेला एक काळा तुकडा होता. ललितभाईंनी तो उलगडला. काळ्या रेशमासारखी चमक, आणि तीत तिरकी वीण, सापाच्या पाठीसारखी एका दिशेने वाहत गेलेली.

"साहेब, आ कापड नथी," ललितभाई म्हणाले, "आ तो भविष्य छे."

"माल फ्रेश आहे ना?" मधुकरने विचारलं. सुरतेत राहणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारायचाच असतो. निर्दोष माल तो फ्रेश; धागा सुटलेला, डाग पडलेला, तो सेकंड.

"एकदम फ्रेश," ललितभाई म्हणाले, आणि तुकडा एका झटक्यात पालथा करून गुंडाळून टाकला.

फ्रेश माल असा कोपऱ्यात वर्तमानपत्रात का पडून असेल, हा प्रश्न डिंडोलीतल्या कुठल्याही पोराला पडला असता. मधुकरला तो पडला नाही. त्याचं मन तेव्हा शर्यतीच्या मैदानावर होतं.

जुन्या बॉनेटचा खळगा भरून त्यावरून साचा काढायचा, साच्यात काळं कापड अंथरून राळ पाजायची, वाळलं की झालं. आठ दिवस, असं ललितभाई म्हणाले होते. चोविसावा दिवस उजाडला तेव्हा आखाजीला दोन आठवडे उरले होते, आणि बॉनेट हातात आलं ते खालच्या बाजूने ओबडधोबड. "घसी नाखो," ललितभाईंनी सांगितलं, घासून टाका. साचा निघाला तेव्हाच, जुन्या पत्र्याचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं होतं. भंगारात द्या, असं मधुकर उदारपणे म्हणाला. त्या वेळी निंबा तिथे कशाला आला होता, याची त्याने चौकशी केली नाही.

बॉनेट त्याने गॅलरीत रविवारी सकाळी घासलं. काळी, चिमूटभरसुद्धा वजन नसलेली पूड वाऱ्यावर निघाली आणि ओळीने वाळत घातलेल्या बारा बिऱ्हाडांच्या कपड्यांवर जाऊन बसली. सोमवारी सबंध सोसायटी खाजवत होती. पहिल्यांदा संशय पाण्यावर गेला, मग नव्या साबणावर, मग मालतीबाईंकडे आलेल्या पाहुण्यांवर. मालतीबाई पाहुण्यांना घेऊन डॉक्टरकडे गेल्या. मधुकर शाळेत फळ्याकडे तोंड करून, खडूच्या मागल्या टोकाने पाठ खाजवत, हवेतून होणाऱ्या प्रसाराचा धडा शिकवत होता. खरं काय ते त्याला मंगळवारी कळलं; पण सत्य सांगण्याचीही एक वेळ असते, आणि ती टळून गेली होती.

बॉनेट गाडीला बसलं तेव्हा मात्र सगळं विसरावं असं दृश्य होतं. पांढऱ्या गाडीच्या तोंडावर जणू काळं, चकाकणारं पाणी. सोसायटीतली माणसं एकेक करून आली, आणि प्रत्येकाने तेच केलं. सुरतेत कापड समोर आलं की माणूस करतो ते. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात ते चिमटीत धरायचा प्रयत्न करून विचारलं, "धुतल्यावर आटेल का?"

"ते कापड राहिलेलं नाही," मधुकर प्रत्येकाला सांगत होता. "ते आता संमिश्र द्रव्य आहे."

"रंग पक्का आहे?"

"तो रंग नाही. ते मूळचंच काळं आहे."

"मग रंगाच्या शेडमध्ये फरक नाही पडणार," असं म्हणून माणूस समाधानाने जाई. मधुकर मात्र प्रत्येक वेळी थोडा थोडा खचत होता. मानवजातीने अंतराळासाठी शोधलेल्या पदार्थाचं या शहरात परकराच्या कापडासारखं परीक्षण व्हावं, हे त्याला सोसत नव्हतं.

चाचणीसाठी तो एकटाच पलसाण्याच्या बाजूला महामार्गावर गेला. ललितभाईंनी दोन खिट्ट्या लावून घ्या असं बजावलं होतं, कारण बॉनेट हलकं, वारा त्याला उचलणार. खिट्ट्यांसाठी त्या विणीत भोकं पाडायची, या कल्पनेनेच मधुकरला शिसारी आली. ताशी साठच्या वेगाला बॉनेट एकदा थरथरलं, आणि मग सावकाश, प्रार्थनेला उठावं तसं, उठून त्याच्या काचेवर येऊन टेकलं. समोरचं जग नाहीसं झालं. इतक्या जवळून ती वीण त्याने पहिल्यांदाच पाहिली. डाव्या कडेला एक बारीक फिकट रेघ त्याला दिसली. राळेत अडकलेला केस असावा, असं वाटलं. अधिक पाहायला सवड नव्हती. गाडी रस्ता सोडून एका प्रोसेसिंग मिलच्या फाटकासमोरच्या चिखलात थांबली. फाटकातून पाळी सुटलेले वीस-पंचवीस कामगार धावत आले. मधुकर शाबूत आहे एवढं पाहून झाल्यावर सगळे बॉनेटकडे वळले.

"साहेब, हा माल कुठल्या मिलचा?" एकाने चिमटी पुढे करत विचारलं.

परतीच्या वाटेवर बॉनेट सुतळीने बांधलं होतं. उधन्याच्या चौकात वाहतूक हवालदाराने हात दाखवला. गाडीच्या पुस्तकात रंग पांढरा, बॉनेट काळं. आज सोडतो, तो म्हणाला, पण नोंद करून घ्या. नवापूरच्या बाजूला महाराष्ट्राची सरहद्द ओलांडताना असं चालणार नाही, गाडी ठेवून घेतील. उषाच्या माहेरची वाट सरहद्दीच्या त्याच नाक्यावरून जात होती.

खिट्ट्या लागल्या. भोकं पडली. मग नोंदणीच्या कचेरीत मधुकरने तीन पानी अर्ज दिला. असा अर्ज त्या टेबलावर पूर्वी आला नव्हता आणि पुढेही येऊ नये, असं तिथल्या कारकुनाच्या, बन्सीलालच्या, चेहऱ्यावर लिहिलं होतं. माणूस सौम्य होता. तीच अडचण होती; उद्धट माणसावर निदान रागावता येतं.

"आपण लिहिलंय, 'कार्बनच्या तंतूंपासून विणलेले वस्त्र, राळेत बद्ध केलेले.'"

"बरोबर."

"म्हणजे कापड."

"कापड नव्हे. संमिश्र द्रव्य."

"पण विणलंय ना, सर?"

"विणलंय."

"मग सुरतेत बसून मी त्याला दुसरं काय म्हणू?" बन्सीलालने पान उलटलं. "इंजिनावर कापड येतंय. तेव्हा आगीचा काही धोका नाही, असा दाखला लागेल. रंगबदलाचा वेगळा अर्ज. आणि ही सही तुमची, म्हणजे मालक तुम्ही?"

"मालक माझे मेव्हणे."

"त्यांची सही आणा की. एवढंच तर काम आहे."

एवढंच काम होतं, आणि तेवढंच अशक्य होतं. भाईदासला कळवलं तर भेट कसली राहिली? मधुकरने अर्ज परत घेतला. नाक्यावरचा माणूस आपल्याशी बोलेल, आपण त्याला समजावून सांगू, विज्ञान शेवटी सर्वांचंच आहे, असं काहीबाही मनाशी म्हणत तो घरी आला. खाली गाडी उभी होती आणि बॉनेटवर उडदाचे पापड वाळत होते. ओळीने, चाळीस-एक.

"मालतीबाई."

"अहो सर, गच्चीवर दोन दिवस लागतात. तुमचं हे काळं असलं तापतं, की एका दुपारीत कडकडीत."

"त्यावरचा थर उन्हाने पिवळा पडतो, मालतीबाई. त्याला उन्हापासून जपायचं असतं."

"मग मी काय केलं? झाकलंच ना, पापडांनी."

पापड उचलले तेव्हा खाली चाळीस फिकट वर्तुळं उमटलेली होती. पापडखाराने थरावर चाळीस चंद्र काढून ठेवले होते, काही पौर्णिमेचे, काही अष्टमीचे. मधुकर बराच वेळ त्या आभाळासमोर उभा राहिला. ललितभाईंनी सांगितलेला उपाय एकच होता: मेण लावायचं आणि जुन्या, मऊ, घट्ट विणीच्या कापडाने तासन्‌तास घोटायचं.

असं कापड शोधायला त्याने उषाची ट्रंक उघडली. तळाशी एक फिक्या जांभळ्या रंगाची साडी होती, वापरून वापरून मऊ झालेली. त्याने तिचा पदर हातात घेतला, बोटांत चोळून पाहिला. हवा होता तस्साच पोत.

"ते खाली ठेवा," दारातून उषा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. त्याने ठेवलं.

भाईदासने स्वतःचे पहिले दोन माग घेतले, तेव्हा उतरलेल्या पहिल्याच ताक्यातली, कापडाच्या पहिल्याच थानातली ती साडी. नव्या मागाने काठाजवळ एक तार, एक धागा, सोडला होता; त्याची बारीक रेघ ताकाभर. व्यापाऱ्याने बोट फिरवलं आणि ताका सेकंड म्हणून बाजूला टाकला. भाईदासने तो विकला नाही. त्यातलंच कापड छापून घेऊन त्या वर्षीच्या आखाजीला त्याने उषाला दिलं. सेकंडचा माल बहिणीला का दिला, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. दर आखाजीला ती हीच नेसत असे. मधुकरने एकोणीस वर्षांत ती रेघ पाहिली नव्हती.

"गाडी दादाची," साडीची घडी घालत उषा म्हणाली. "साडी दादाची. एवढं सोडून घरात पुसायला काही नाही का?"

शेवटी त्याने स्वतःच्या बनियनने घोटलं. आठ दिवसांत निम्मे चंद्र मावळले.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने भाईदास आला. पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल, हातात गावच्या आंब्यांची पिशवी. पिशवी त्याने पायरीवर ठेवली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. गॅलऱ्या पुन्हा भरल्या. फिकी जांभळी साडी नेसलेली उषा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली. मधुकर बोलू लागला. पोलादाहून बळकट, गंज नाही, शर्यतीच्या गाड्या, अंतराळ. पार्सलाचं त्याने सर्वांत शेवटी, अगदी भरभर सांगितलं.

भाईदास ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. त्याने अंगठा बॉनेटवर टेकवला आणि उजवीकडून डावीकडे, डोळे अर्धवट मिटून, सावकाश नेला. डाव्या कडेला अंगठा थांबला. थोडा मागे आला. पुन्हा थांबला. ज्या रेघेला मधुकर केस समजला होता, बरोबर तिच्यावर.

"आठे तार तुटेल शे," तो म्हणाला. इथे तार तुटलीय. मग मेव्हण्याचा मान ठेवून शुद्ध भाषेत, हळू आवाजात, "सेकंड आहे, मास्तर."

वरून कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. मालतीबाईच असणार. मधुकरला वाटलं, वीस वर्षं या शहराच्या धाग्यांत राहून आपल्याला एक तार ओळखता येऊ नये. त्या पार्सलाने बॉनेटऐवजी आपल्यालाच निवडायला हवं होतं.

"आणि नाका?" भाईदासने विचारलं. "पुस्तकात तर पांढरी आहे. नोंद केली?"

मधुकरने नकारार्थी मान हलवली. नोंद नाही, म्हणजे गाडी सरहद्दीपलीकडे जाणार नाही. म्हणजे पुन्हा एस.टी. माहेरच्या गल्लीत कोण कोण ओट्यावर येऊन बसलेलं असेल, हे त्याला इथून दिसत होतं. उषाकडे बघायचं धैर्य त्याला झालं नाही.

"निंबा," उषाने हाक मारली. "आण रे."

निंबा मालतीबाईंच्या दारातून बाहेर आला. त्याच्या डोक्यावर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी रुंद, चपटं होतं. गोधडी निघाली. पांढरं, सरळ, गुळगुळीत, मूळचं पत्र्याचं बॉनेट. खळगा कुठे होता हे मधुकरलाही दाखवता आलं नसतं.

"हे कधी?"

"ललितभाईंचा साचा काढून झाला, तेव्हाच आणलं निंबाने," उषा म्हणाली. "दोन दिवसांत झालं होतं. तेव्हापासून मालतीबाईंच्या पलंगाखाली आहे."

"मालतीबाईंच्या पलंगाखाली?"

"मीच म्हटलं ठेवते," वरून मालतीबाई म्हणाल्या. "तीन आठवडे झाले. एका शब्दाने बोलले का, सर?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला द्यायचं होतं ना काहीतरी," उषा म्हणाली. "लागलं नसतं, तर तसंच राहिलं असतं पलंगाखाली."

निंबाने अर्ध्या तासात खिट्ट्या काढल्या, काळं उतरवलं, पांढरं चढवलं. काळं बॉनेट कुंपणाच्या भिंतीला टेकून उभं राहिलं, अंगावर वीस-बावीस चंद्र घेऊन. त्याच्याकडे न पाहता मधुकरने उषाची बॅग मागच्या सीटवर ठेवली.

"सर, तुम्हाला नको असेल तर आम्हाला द्या," मालतीबाई म्हणाल्या. "कुरडया राहिल्यात अजून."

"न्या," मधुकर म्हणाला.

"थांब," भाईदास निंबाला म्हणाला. "ते वर बांध."

निंबाने त्याच्याकडे पाहिलं, मग मधुकरकडे. भाईदासने वाट पाहिली नाही. त्याने स्वतःच ते उचललं, टपावर गोधडी अंथरली, आणि चकाकत्या बाजूला ऊन लागू नये अशा बेताने ते पालथं ठेवलं. वारा लागू नये म्हणून खांद्यावरचा टॉवेल काढून कडेला खोचला. सुतळी या खिडकीतून त्या खिडकीत घेऊन, मागावरचा माणूस सुटलेला धागा जोडताना घालतो तसल्या बारीक, घट्ट गाठी तो घालत राहिला. उषा पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि तिने पदर सावरून घेतला.

"भाऊ," मधुकर म्हणाला. इतक्या दिवसांत प्रथमच त्याच्या आवाजात शिकवणं नव्हतं. "सेकंड आहे, हे तुम्हीच सांगितलंत. मग गावाला कशाला नेताय?"

भाईदासने उषाच्या पदराच्या काठाकडे एकदा पाहिलं आणि शेवटची गाठ आवळली. ती सुटत नाही ना, हे एकदा ओढून पाहिलं, आणि हात धुवायला नळाकडे निघून गेला.